न चाखलेलं वरण

मीठ घातलं की नाही, हे जान्हवीला आठवेना. डाव्या हातात पळी, उजव्या चिमटीत मीठ, आणि खाली पातेल्यात वरण रटरटत होतं. आत्ताच घातलं होतं का? की कालचं आठवतंय? ओट्याची कड डोळ्यांसमोर जराशी हलली. तिनं पळी सोडून ओटा धरला, श्वास घेतला आणि चिमूट वरणात सोडली.

साधी गोष्ट होती. थेंबभर वरण तळहातावर घ्यायचं, जिभेला लावायचं. कुठल्याही घरातली बाई हेच करते. पण हे नैवेद्याचं वरण होतं, आणि या घरात नैवेद्य चाखत नव्हते. चाखला की उष्टा.

डोंगरकडा गावातलं बालाजीचं देऊळ लहान, पण पूजा पिढ्यान्‌पिढ्या या घराकडं. घराची रीत एकच: सकाळी जे शिजेल ते आधी देवाला. देवाची जेवायची वेळ दुपारची. अभिषेक लांबले तर एक वाजतो, शनिवारी त्याहून उशीर. तोवर स्वयंपाकघरातलं काही तोंडात घालायचं नाही. चहा चालतो. चहाची सूट कोणी दिली कोणास ठाऊक; ज्याला चहा लागत होता त्यानंच दिली असणार.

जान्हवीला सहावा महिना लागला होता. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती दोन कप चहावर असायची.

त्या दिवशी दुपारी उद्धवरावांनी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

"आज वरण कोणी केलं?"

"मी, मामंजी."

"खारट झालंय." ते पाणी प्यायले. आवाज चढवला नाही, ते कधी चढवत नसत. "देवानं मुकाट्यानं खाल्लं असेल. त्याला काय, बोलता येत नाही. सासूकडं बघ तुझ्या. सगळा जन्म नैवेद्य करण्यात गेला. एकदा जिभेला लावलं नाही आणि एकदा मीठ चुकलं नाही. देवाचं देणं असतं ते."

हे ते नेहमी सांगायचे. नवरात्रात पंगत बसली की हात उंच करून सगळ्यांना सांगायचे. बाहेरगावची माणसं प्रेमाबाईंच्या हाताकडं बघायची, तिथं काही दिसतं की काय म्हणून. प्रेमाबाई मात्र दर वेळी खाली बघत म्हणायच्या, "भात घ्या."

आत्ताही त्या तेच म्हणाल्या.

*

दूध घालायला तांड्यावरून भिकाबाई यायची. माप ओतता ओतता ती जान्हवीला खालून वर बघायची, बाजारात जनावर बघावं तशी.

"काकू, सून वाळून राहिली तुमची. सहावा लागला न्हवं? पोट कुठं हाय?"

"पहिलटकरणीचं दिसत नसतं लवकर," प्रेमाबाई म्हणाल्या.

"आमची म्हैस गाभण राहिली ना, तर उठल्या उठल्या पेंड देतो तिला. माणसाच्या चहाच्या आधी."

"म्हशीला देव न्हाई."

"म्हणून तर दूध देती," भिकाबाई म्हणाली, आणि स्वतःच हसत किटली उचलून गेली.

प्रेमाबाईंनी दुधाचं पातेलं आत नेलं. जाता जाता म्हणाल्या, "हिच्या बोलण्यावर जाऊ नको. लेकरू पोटात लई वाढलं की पोट फाडावं लागतं. थोडं बारीकच बरं. सुटायला सोपं पडतं. बाळंतीण झालीस की डिंकाचे लाडू, हळीव, सगळं करते की. मी काय उपाशी मारून राहिले का तुला?"

जान्हवीचं माहेर हिंगोलीला. तिची आई फोनवर हेच सांगायची, फक्त जरा गोड शब्दांत: त्यांच्या घरची रीत आहे, सांभाळून घे.

*

कळमनुरीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्ताचा कागद हातात घेतला.

"हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ. गेल्या वेळेपेक्षा खाली आलंय. लोहाच्या गोळ्या घेता ना?"

"रोज घेते."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर. सकाळी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "चहाबरोबर गोळी घेतली की ती अंगाला लागत नाही. वाया जाते. आणि खाता काय सकाळी?"

जान्हवीनं नवऱ्याकडं बघितलं. अद्वैत कळमनुरीतच एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होता. गावात आणि दवाखान्यातही त्याला दोन माणसं नमस्कार करत.

"मॅडम, घरी देवाचं असतं," तो म्हणाला. "नैवेद्य झाल्याशिवाय कोणी जेवत नाही. दुपारी एक-दीड होतो."

"तुम्ही कधी जेवता?"

"मी ऑफिसला येतो ना."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं आणि मग त्याच्याशी बोलायचं सोडून दिलं.

"हे बघा बाई. सकाळी उठल्यावर तासाभरात पोटात काहीतरी गेलं पाहिजे. नंतर दर दोन-तीन तासांनी. भाकरी, डाळ, मोड आलेले मूग, शेंगदाणे-गूळ, शेवग्याचा पाला. महागाचं काहीच सांगत नाहीये. गोळी जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. तुमचं वजन वाढलेलं नाही, बाळ सोनोग्राफीत बारीक दिसतंय. पुढच्या महिन्यात असंच राहिलं तर दाखल करून घ्यावं लागेल, रक्त चढवावं लागेल."

"आणि बाळ?"

"म्हणून तर जेवा म्हणते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

परत येताना वारंगा फाट्यावर गाडी बदलायची होती. केळीच्या घडांनी भरलेले दोन ट्रक रस्त्याच्या कडेला उभे होते, आणि कुठूनतरी हळद शिजवल्याचा वास येत होता. जान्हवीच्या पायांत गोळे आले. अद्वैत तिला कोपऱ्यावरच्या टपरीत घेऊन गेला. टपरीवाल्या पिंटूनं लांबूनच हात केला.

"या सर. आज उशीर? नेहमीचंच ना? पोहे, शेव जास्त, वर ताक?"

"दोन दे," अद्वैत म्हणाला.

जान्हवी बाकावर बसली. "नेहमीचंच?"

"कधी कधी. ऑफिसला जाताना."

"कधी कधी काय सर," पिंटू कढईत उलथनं आपटत म्हणाला, "तुमचा खाडा फक्त रविवारी. वहिनी, सर आले म्हणजे साडेनऊ वाजले, आमी घड्याळ बघत न्हाई."

अद्वैत हसला. जान्हवी हसली नाही. तिनं पोहे खाल्ले, बशी पुढं सरकवली आणि आणखी एक मागितली. तीही संपवली. अद्वैत मोबाइलमध्ये बघत राहिला. मग म्हणाला, "घरातलं थोडंच आहे हे. नियम घरातल्या अन्नाचा आहे."

"मग मलाही रोज फाट्यावर आणत जा."

"काहीतरीच काय."

रोज सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून, उपाशी तोंडानं घराबाहेर पडणारा हा माणूस. पाच मैलांवर त्याचा देव संपत होता.

*

रात्री ताटं उचलल्यावर जान्हवीनं सगळ्यांसमोर विचारलं. हुंदका नाही, विनवणी नाही. सकाळी मला जेवायला लागेल, डॉक्टरांनी सांगितलंय.

"देवाच्या आधी?" उद्धवरावांनी शांतपणे विचारलं. "या घरात आजवर कोणी खाल्लेलं नाही. मीही उपाशीच असतो ना? माझ्या आईनं याच घरात आठ बाळंतपणं काढली."

"आठ?" जान्हवी म्हणाली. त्यांना एकच बहीण होती, परभणीला.

उद्धवरावांनी सुपारीचा डबा उघडला आणि बंद केला. "तो काळ वेगळा होता."

ते उपाशी असायचे हे खोटं नव्हतं. फक्त सकाळपासून देवळात पंचामृत व्हायचं, कोणी पेढे ठेवायचं, कोणी नारळ फोडायचं, सोललेलं केळं हातात द्यायचं. तो प्रसाद. प्रसादाला जेवण म्हणत नाहीत. हा हिशेब घरात कोणी कधी मांडला नव्हता, कारण मांडणाऱ्यानं आधी कशाला जेवण म्हणायचं ते ठरवावं लागलं असतं.

"बिस्किटं आणून ठेवत जाईन मी," अद्वैत म्हणाला. प्रश्न मिटवल्यासारखा तो उठला.

*

चार-पाच दिवसांनी सकाळी जान्हवी परसात कढीपत्ता तोडायला गेली होती. पायात चप्पल नव्हती म्हणून तिची चाहूल लागली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा प्रेमाबाई तिच्याकडं पाठ करून ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी पळीतून थोडं वरण डाव्या तळहातावर घेतलं, फुंकर मारली, चाटलं. जीभ टाळ्याला लावून क्षणभर थांबल्या. चिमूटभर मीठ टाकलं. पुन्हा थेंबभर घेतलं, पुन्हा चाटलं. मग हात धुतला, पदराला पुसला. यात कुठं घाई नव्हती. हे हात रोज हेच करत होते.

वळल्या तेव्हा जान्हवी समोर होती.

गॅसवर वरण उकळत राहिलं. प्रेमाबाईंनी पुढं होऊन आच बारीक केली.

"देवाला काय खारट घालायचं?" त्या म्हणाल्या.

जान्हवीनं कढीपत्ता ताटलीत ठेवला. त्या दिवशीची स्वतःची मिठाची चिमूट तिला आठवली, सासऱ्यांचं बोलणं आठवलं, आणि त्या वेळी भात वाढणारा हा हात.

"पहिल्यापासून?"

"न्हाई. पहिल्यांदा मीबी तुझ्यासारखीच. दोनदा खारट झालं, एकदा अळणी. सासूनं पंगतीत पाणउतारा केला." प्रेमाबाई पाटावर बसल्या. आवाज खाली आला. "अद्वैतच्या आधी एक लेकरू व्हतं. सातव्यातच झालं. एवढुसं. रडलं बी न्हाई. सगळे म्हणले, देवाची मर्जी. अद्वैतच्या वेळी दिवस गेले तशी मी चाखायला लागले. चाखता चाखता वाटीभर पिऊन टाकायची, उभ्याउभ्यानं. अर्धी भाकरी कोठीत ठेवायची."

"आणि मला म्हणता लेकरू बारीक बरं."

प्रेमाबाई उठल्या, पिठाच्या डब्याचं झाकण काढलं. "उद्यापासून पहाटे तुझी भाकरी टाकते. कोठीत बसून खात जा. कडी लावून. कोणी आलं तर मी भांडं पाडीन, समजून घे. मामंजीला कळायचं कारण न्हाई."

जान्हवीला हो म्हणावंसं वाटत नव्हतं. पण पोटातल्यानं तिचं मत विचारलं नव्हतं. ती हो म्हणाली.

कोठी म्हणजे स्वयंपाकघरामागची अंधारी खोली. गव्हाची पिंपं, देवळाच्या जुन्या समया, तेलाचे डबे. पिंपामागं ताटलीत भाकरी, पाल्याची भाजी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. ती उभी राहून खायची, कान दाराशी लावून. चावायला वेळ लागतो हे तिला पहिल्यांदाच इतकं कळलं. शेंगदाणा मोडल्याचा आवाजही मोठा वाटायचा. आठवडाभरात तोंडाला जरा रंग आला. भिकाबाई म्हणाली, "आता कसं," आणि प्रेमाबाईंनी पाठ फिरवून दुधाचं पातेलं उगाच घासलं.

मग एका सकाळी भांडं पडलं.

जान्हवीच्या तोंडात घास होता. तिनं तो तसाच गिळला, उरलेली भाकरी पदरात गुंडाळली, समयांच्या मागं सरकली. घास घशात अडकला. खोकला दाबताना डोळ्यांत पाणी आलं, आणि खाल्लेलं सगळं समयांच्या पायाशी पडलं. सगळं. ती भिंतीला धरून उभी राहिली. पोटातलं पोर हललं, एकदाच, जोरात.

कडी वाजली. "अगं, कोणी न्हाई आलं," प्रेमाबाई बाहेरून म्हणाल्या. "हातातून निसटलं. खरंच निसटलं."

जान्हवीनं दार उघडलं. प्रेमाबाईंनी आत बघितलं आणि पाण्याची बादली आणली. दोघींनी मिळून फरशी पुसली.

"आत्याबाई, मी उद्यापासून बाहेर बसणार."

"कुठं बाहेर?"

"सगळे बसतात तिथं. मधल्या घरात, पाटावर."

"काय व्हईल ठाऊक हाय का?"

"इथं काय होतंय ते बघितलं ना आत्ता."

प्रेमाबाई फडकं पिळत राहिल्या. त्यातलं पाणी संपलं तरी पिळत राहिल्या.

"तुमचं मी काही सांगणार नाही," जान्हवी म्हणाली. "माझं मी बघते."

*

दुसऱ्या दिवशी अद्वैत निघून गेल्यावर तिनं मधल्या घरात पाट मांडला. ताटात ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, लिंबाची फोड. उठून स्वयंपाकघरात गेली आणि नैवेद्याच्या पातेल्यातून वाटीभर वरण घेतलं. प्रेमाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी वाटीकडं बघितलं आणि कणकेवर पाण्याचा हबका मारला.

उद्धवराव दुपारीच परत यायचे. पण त्या दिवशी उगाळलेल्या गंधाची वाटी घरीच विसरली होती. ते दारातून आत आले आणि उंबऱ्यापाशी थांबले.

"हे काय?"

"जेवते आहे, मामंजी."

"नैवेद्य गेलेला नाही अजून."

"माहीत आहे."

त्यांची नजर ताटावरून वाटीवर गेली. वाटीतल्या पिवळ्या वरणावर तुपाचा थेंब होता. "हे नैवेद्याच्या पातेल्यातलं?"

"हो."

तिचे कान तापले होते. बोटं ताटाबाहेर काढावीत असं फार वाटलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. सावकाश चावला.

उद्धवराव स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले. आवाज अजूनही चढला नव्हता. "प्रेमा, ते वरण म्हशीला घाल भिकाबाईच्या. आंघोळ करून दुसरं लाव. उष्टं झालं ते."

प्रेमाबाईंनी कणकेचे हात धुतले. पदराला पुसले. पातेल्यावरचं झाकण काढून ओट्यावर ठेवलं. पळीनं वरण ढवळलं, थोडं डाव्या तळहातावर घेतलं, फुंकर मारली आणि नवऱ्यासमोर, त्यांच्याकडं बघत, चाटलं. जीभ टाळ्याला लावली. थांबल्या.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

चिमूटभर टाकलं. ढवळलं. पुन्हा थेंबभर घेतलं.

"आता बराबर झालं."

उद्धवराव बायकोच्या हाताकडं बघत होते, पंगतीतली माणसं बघायची तसे. "तू…" ते म्हणाले. "आज?"

"रोज." प्रेमाबाईंनी मिठाच्या बरणीला झाकण लावलं. "तुमाला काय वाटलं, देव येऊन कानात सांगून जात व्हता?"

देवळातून घंटा वाजली. अभिषेकाला कोणीतरी येऊन थांबलं होतं. उद्धवरावांनी कोनाड्यातली गंधाची वाटी उचलली. उंबऱ्याशी गेल्यावर ते वळले. आता काहीतरी बोलतील असं दोघींना वाटलं.

"कापूर संपलाय," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्यांची पावलं गल्लीत ऐकू येईनाशी झाली. मग प्रेमाबाई पातेलं घेऊन मधल्या घरात आल्या. वाटीत वाढता वाढता थोडं वरण जमिनीवर सांडलं.

जान्हवीनं ताट दोघींच्या मधे सरकवलं.

प्रेमाबाई जरा वेळ उभ्याच राहिल्या. सवयच ती होती. मग गुडघ्यावर हात टेकून जमिनीवर बसल्या, आणि भाकरीचा अर्धा तुकडा मोडून घेतला.